पत्रा पाठव

४ जानेवारी

पेंटर,

मायना काय लिहावा यात अर्धा तास गेला. 'प्रिय' लिहिलं तर तू हसशील, 'श्री.' लिहिलं तर मलाच हसू येईल. म्हणून नुसतं पेंटर.

कामाचं बोलतो. आपली जुनी चार दारांची गाडी अजून गॅरेजच्या मागच्या भिंतीशी उभी आहे. कागदांवर आपल्या दोघांची नावं आहेत, म्हणून तुला कळवणं भाग आहे. मी तिची मागची दोन दारं काढून टाकतोय. चार दारांची दोन दारांची करतोय. त्या जुन्या दोन दारांच्या मॉडेलचे पत्रे आता कुणीकुणी नव्यानं बनवून विकतात. मूळ कंपनीचे नव्हेत, पण मापाला बरे असतात असं ऐकलं. मागवलेत. खोक्यातून येतील: दोन लांब दारं, मागच्या चाकांवरच्या दोन बाजू, दोन खांब, दोन उंबरठे.

कारण विचारशील म्हणून सांगतो. मागच्या दारांखालचे उंबरठे गंजलेत, बोट घातलं तर आरपार जातं. आणि दुसरं असं की त्या गाडीत चार माणसं बसायची. चालवायला मी, शेजारी माझी थोरली, तिच्या मागं तिची बहीण म्हणजे तुझी धाकटी, आणि माझ्या मागं तू, सगळा रस्ता माझ्या ड्रायव्हिंगला नावं ठेवत. थोरली गेली. तुम्ही दोघं असून नसल्यासारखे. एकट्या माणसाला चार दारं कशाला हवीत?

हरकत असेल तर पंधरा दिवसांत कळव. उत्तर आलं नाही तर हरकत नाही असं धरीन.

तुझा साडू (अजून तरी),
डेंटर

अक्षर वाईट आलंय. पेन नीट धरता येत नाही, थंडी असेल.


२३ जानेवारी

पेंटर,

पोचपावती परत आली. तिच्यावर धाकटीची सही आहे, नेहमीसारखी घाईतली, शेवटी ठसठशीत टिंब. म्हणजे पत्र पोचलं आणि तू मूग गिळून बसलायस. ठीक. हरकत नाही असं धरलं.

तू म्हणशील, यानं जन्मात कधी पत्र लिहिलं नाही, याला आत्ताच कुठून उमाळा आला? बरोबर आहे. मी तुला आजवर एकदाच काहीतरी पाठवलं होतं. तू दोन महिने बस रंगवायच्या कामाला बाहेरगावी गेला होतास आणि तिथून चिठ्ठी आली होती, 'वेळ मिळाला की पत्र पाठव.' पाट्या रंगवणारा हात तुझा, शब्द संपला की झोकात शेपटी काढायची सवय. मला त्या शेपटीचा काना दिसला. मी वाचलं, 'पत्रा पाठव.' म्हटलं, बिचाऱ्याला तिकडं बरा पत्रा मिळत नसेल. आठ बाय चारचा नवा कोरा पत्रा गोणपाटात बांधला आणि ट्रकवर चढवून दिला. चार दिवसांनी तुझं उत्तर: 'पत्रा मिळाला. मजकूर कळला नाही.'

थोरलीनं ही गोष्ट पुढं वीस वर्षं येणाऱ्याजाणाऱ्याला सांगितली. 'मजकूर'पर्यंत आली की तिला हसू आवरायचं नाही आणि उरलेलं मलाच सांगावं लागायचं. माझ्याच मूर्खपणाचा शेवट माझ्याच तोंडून.

खोकं परवा आलं. शेजारच्या टायरवाल्याला हाक मारली, दोघांनी मिळून उतरवलं. तो विचारतो, "पेंटर कधी येतोय?" मी नेहमीचं सांगितलं, "बाहेरगावी गेलाय." चार वर्षं गिऱ्हाइकांनाही हेच सांगतोय. टायरवाला म्हणाला, "लांबचं गाव दिसतंय." आगाऊ आहे. पण उचलायला मदत करतो म्हणून ऐकून घेतो.

पाटीवर अजून 'डेंटिंग - पेंटिंग' असंच आहे. लोक रंगाचं विचारतात, मी प्रायमर मारून देतो आणि रंग दुसरीकडं करून घ्या म्हणतो. पाटीचा अर्धा भाग पुसून टाकायला हवा. पण पाटी तू रंगवलेली, आणि माझा हात वळत नाही.

पत्रे वाईट नाहीत. भिंतीकडच्या बाजूची चाकावरची कमान करंगळीभर आत आहे, ती ओढून घेईन. 'नाचता येईना अंगण वाकडं' म्हणणार असशील तर तिथूनच म्हण. मला ऐकू येणार नाही.

डेंटर


१२ फेब्रुवारी

पेंटर,

कापायला घेतली.

आधी गाडीच्या पोटात लोखंडी पाइप आडवेतिरपे वेल्ड करून टाकले. मधले खांब निघाले की छत खाली बसतं आणि मग कुठलंच दार कधीच बसत नाही, हे तुला सांगायला नको. चार दिवस त्यातच गेले. पूर्वी दीड दिवसाचं काम. तू पाइप धरायचास, मी टाका मारायचो. आता पाइप दोरीनं बांधतो, लांब उभा राहून बघतो, सरकवतो, परत बांधतो. दोरी काही बोलत नाही. गॅरेजमध्ये दिवसभर माझ्याच हातोडीचा आवाज असतो आणि ती थांबली की इतकं शांत होतं की मी उगाच खोकतो.

तुझं दार आधी काढलं. आतलं कव्हर उचकटलं तर तळाशी खडूचे तुकडे. मोजले, एकोणीस. पत्र्यात खड्डा सापडला की तू त्याभोवती गोल काढणार आणि खडू या दाराच्या काचेच्या फटीवर ठेवून देणार, तो गेला आत. दर वेळी माझ्यावर आरडाओरडा, 'खडू कुणी उचलला?' एकोणीस वेळा मी तुझं बोलणं खाल्लंय. तुकडे बिस्किटांच्या डब्यात ठेवलेत.

तुझ्या त्या गोलांचा मला किती राग यायचा! दोन दिवस घाम गाळून मी पत्रा सरळ करावा आणि तू रुमाल पसरून त्यावरून तळहात फिरवावास, डोळे मिटून, जसा काही वैद्य नाडी बघतोय. आणि मग खडू. एक गोल, दुसरा गोल. "डेंटर, इथं बस भरलीय, जरा जागा कर." उंचवट्याला तू बस म्हणायचास आणि खड्ड्याला विहीर. आणि मेल्या, दर वेळी तुझं बरोबर निघायचं.

मग धाकटीचं दार काढलं. त्यात काही नव्हतं, एक केसांची पिन.

आणि इथं घोडं अडलं. सांगायला लाज वाटते. पेंटर, दोन दारांच्या गाडीची दारं लांब असतात. खांब एक वीत चार बोटं मागं जातो, म्हणजे पुढची दारंही जुनी चालत नाहीत. जन्मभर पत्रा ठोकणाऱ्याला हे ठाऊक नव्हतं का? होतं. खोक्यात दोन लांब दारं येणार हे मीच तुला पहिल्या पत्रात लिहिलंय. पण मनात मी फक्त मागची दारं काढत होतो. तुमची. थोरलीचं दारही जाणार, हे पाना हातात घेऊन तिच्या बिजागरीसमोर बसलो तेव्हा डोक्यात शिरलं.

काचेखाली तिचं कोपर टेकायचं ती जागा तुला आठवत असेल. तिथला रंग झिजून तुझे तीनही थर दिसतात. वर निळा, खाली साय घातल्यासारखा पांढरा, त्याखाली पहिला हिरवा. वाटीएवढी जागा. ती गाणं गुणगुणत बोटांनी ताल धरायची, तिथं.

पाना खाली ठेवला.

डेंटर


२० फेब्रुवारी

पेंटर,

काम बंद आहे. सांगण्यासारखं काही नाही.

हे पत्र फक्त पोचपावती परत यावी म्हणून पाठवतोय. धाकटीची सही बघितली की दोन दिवस बरे जातात. सही करताना ती दारात उभी असेल, ओले हात पदराला पुसून पेन घेत असेल, एवढं डोळ्यांसमोर येतं. तुझ्यासारख्याला हे सांगायची लाज वाटते. पण असं आहे.

डेंटर


११ मार्च

पेंटर,

दारावर तोड सापडली. ऐक.

खोक्यातलं लांब दार माझ्या बाजूला बसवलं. बरं बसलंय. थोरलीच्या बाजूचं नवं दार मात्र कागदात गुंडाळून बाजूला ठेवलंय. त्या बाजूला तिचंच दार राहणार, फक्त लांब होऊन. मागच्या कडेशी उभं कापलं आणि जेवढं कमी पडतं तेवढी पट्टी धाकटीच्या दारातून काढून जोडली. दोघींची दारं एका साच्यातली नसली तरी एका गाडीची आहेत, कंबरेची रेघ जुळते. दोन दारांचं एक दार. एक वीत चार बोटं धाकटीची, उरलेलं थोरलीचं. टायरवाला बघून म्हणाला, "नवं दार असताना जुन्याला ठिगळ लावणारा पहिलाच बघितला." मी म्हटलं, तू तुझी पंक्चरं काढ.

शिवण वरपासून खालपर्यंत उभी आहे. सलग वेल्डिंग केलं तर पत्रा तापून पापडासारखा वळतो, म्हणून एक टाका इथं, एक टाका वीतभर खाली, मग थांबायचं, निवू द्यायचं, परत एक. एकशे चाळीस टाके. आठ दिवस. काल करंगळीला मोठा फोड दिसला. कधी भाजली कळलंच नाही, चहाचा कप उचलताना नजरेला पडला. असो.

आता खरं सांगतो. उंबरठा गंजला म्हणून मी गाडी कापायला घेतली नव्हती. उंबरठ्याला ठिगळ दोन दिवसांत लागतं, ते तुलाही पहिल्याच पत्रात कळलं असेल. रंगाचे डबे ठेवायचं तुझं फडताळ गेल्या पावसात भिंतीतून सुटलं. मागं भिंतीवर तुझं चित्र निघालं. हातभर लांब, निळ्या रंगातलं, एका दमात काढलेलं: आपली गाडी, पण दोन दारांची. मी ते विसरलोच होतो. दर वर्षी तू म्हणायचास, "डेंटर, चार दारं म्हणजे टॅक्सी. दोन दारं म्हणजे गाडी. एकदा कापू या." आणि मी म्हणायचो, मी मोडलेलं जोडतो, धडधाकट मोडत नाही.

एकट्यानं त्या चित्रासमोर बसून चहा पिताना ठरवलं. तुला हवी तशी गाडी करून बघावी. राग काढतोय असं दाखवलं, कारण 'तुझ्यासाठी करतोय' हे लिहायला पेन उठेना. ताकाला जाऊन भांडं लपवायची माझी सवय थोरलीला पाठ होती. ती असती तर पहिलं पत्र वाचूनच म्हणाली असती, "सरळ बोलवा की त्याला."

परवा फडताळ सरकवलं तेव्हा खाली एक खोकंही निघालं. पुठ्ठ्याचं, चिकटपट्टी न फोडलेलं. कसलं ते तुला माहीत आहे. आज एवढंच.

डेंटर


१९ मार्च

पेंटर,

आठ दिवस त्या खोक्याला वळसा घालून ये-जा केली. आता लिहितो.

खोक्यात पंखा आहे. आतली हवा बाहेर ओढणारा. तू अकरा वर्षांपूर्वी आणलेला.

थोरली रोज दुपारी यायची, गाड्यांच्या काचांना कागद लावायची, टेप मारायची. तिच्याइतकी सरळ टेप तुला किंवा मला कधी जमली नाही. तू रंगाची गन हातात घेतलीस की तिला बाहेर पिटाळायचास. ती दहा मिनिटांत परत. "बघू तरी दे कसा बसलाय रंग." तू मास्क लावलेला, ती तोंडाला पदर लावून उभी. मी पलीकडं पत्रा ठोकत असायचो. खोकायची. मला वाटायचं धूळ.

पंखा घेऊन आलास त्या दिवशीचं बोलणं मला शब्दन्‌शब्द आठवतं. तू म्हणालास, "मागच्या भिंतीला भोक पाडू. ताई खोकतेय."

मी म्हणालो, "पंखा घरघरायला लागला की मला पत्रा ऐकू येत नाही. ठोका कुठं पोकळ वाजतो ते कळायला शांतता लागते."

"रंगकामाच्या वेळेपुरता लाव."

"बघू उद्या."

तो उद्या सात वर्षं उजाडला नाही आणि ती गेली. तू मधे किती वेळा म्हणालास? मी मोजलेलं नाही. तू मोजलं असशील.

डॉक्टर म्हणाले होते, फुप्फुसं का निकामी झाली ते नेमकं सांगता येणार नाही, कशानंही होतं. मी त्या वाक्याला चार वर्षं धरून बसलोय. आधाराला चांगलं वाक्य आहे. पण एकटा माणूस संध्याकाळी गॅरेजचं शटर ओढतो तेव्हा ते पुरत नाही.

आणि तिला पोचवून आलो तो दिवस. घरात माणसं. तू पाण्याचा पेला घेऊन माझ्यासमोर वाकलास. आणि मी सगळ्यांच्या देखत म्हणालो, "तुझ्या रंगानं खाल्ली तिला." उचलली जीभ लावली टाळ्याला. धाकटी दारात उभी होती, तिनं ऐकलं.

तुला एकच शब्द बोलायचा होता, पेंटर. 'पंखा.' एवढं म्हणाला असतास तर मी तिथंच संपलो असतो. तू माझ्याकडं बघितलंस, तुझे ओठ हललेही, आणि तू बोलला नाहीस. पेला जमिनीवर ठेवलास, धाकटीला म्हणालास, "चल." तो पेला रात्रभर तिथंच होता. पाण्यानं भरलेला. कुणी उचलला नाही.

तू मला झाकलंस आणि मी त्याचाच तुझ्यावर राग धरला. कारण तू बोलला असतास तर आपण भांडलो असतो, आणि भांडणानंतर चहा होतो. तू गप्प राहिलास म्हणजे तुला सगळं माहीत होतं. माहीत असलेल्या माणसाच्या तोंडाकडं बघणं मला झेपलं नसतं. म्हणून चार वर्षं तू वाईट. सोपं होतं.

धाकटीचं तर काय सांगू. तिला आई नव्हती, ताईचं घर हेच तिचं माहेर. बहीण गेली त्याच दिवशी मी तिचं माहेरही बंद केलं.

चूक माझी होती. तुझ्या रंगाची नव्हती. मला माफ कर. धाकटीलाही हे वाचून दाखव. का ती आधीच वाचते आणि तू वाचत नाहीस, कोण जाणे. सही तर तिचीच असते.

डेंटर


२ एप्रिल

पेंटर,

पंखा बसवला. भोक माझं मीच पाडलं, वीजवाल्यानं तार ओढून दिली. खोकं फोडलं तर आत हमीपत्र: एक वर्षाची हमी, कधीच संपलेली. वाटलं, चालणार नाही. चालला. पहिल्या फटक्यात भिंतीवरची धूळ उठली आणि सरळ बाहेर गेली. किती पटकन जाते, पेंटर! मी खुर्ची टाकून बसलो आणि बघत राहिलो. मग हातोडी घेऊन पत्र्यावर ठोका मारला.

ऐकू येतं. पंखा चालू असताना सगळं ऐकू येतं.

त्यानंतर त्या दिवशी काम झालं नाही.

आता शेवटचं लपवलेलं सांगतो, म्हणजे मी रिकामा. शिवण घासून सपाट केली. डोळ्यांना सरळ दिसते. पण डोळ्यांवर कोण विश्वास ठेवतो? तळहात फिरवला. काही कळलं नाही. रुमाल पसरून फिरवला, तुझ्यासारखा. काही नाही. गेलं वर्षभर बोटांच्या टोकांची जाण जातेय. आधी उजवी करंगळी, मग शेजारची, आता दोन्ही हात. डॉक्टर म्हणतात जन्मभराच्या ठोक्यांनी नसा दुखावल्या, आहे ते टिकवा. थंडी वगैरे काही नव्हती.

म्हणजे दोन दारांचं एक दार उभं आहे आणि ते सरळ आहे की नाही हे त्याच्या डेंटरला कळत नाही. टायरवाल्याला हात फिरवायला सांगितला. म्हणाला, "एकदम लोणी." त्याला सगळंच लोणी लागतं. पुट्टीचा जाड थर देऊन झाकता येईल, पण ही शिवण मला झाकायची नाही.

दाराच्या उरलेल्या तुकड्यांतून हातभर नमुना केलाय. अर्धा थोरलीच्या दाराचा, अर्धा धाकटीच्या, मधे तीच शिवण, त्याच हाताची. कोपर टेकायची जागा यात नाही. ती दारावरच आहे, तिला पॉलिश पेपरसुद्धा लावलेला नाही. नमुना या पत्रासोबत पाठवतोय. पोस्टात चौकशीला गेलो तर तिथल्या बाईनं विचारलं, पार्सलमध्ये काय? मी म्हटलं पत्रा. ती म्हणाली, पत्र वेगळं पाठवा, पार्सल वेगळं. तिला काय समजावणार.

रंग मागत नाही. ये म्हणतही नाही. फक्त हात फिरव आणि सांग. वाईट असेल तर वाईट सांग.

डेंटर


६ मे

पेंटर,

तुझं पार्सल आज सकाळी पोचलं. मला पोचपावतीवर सही करायला लावली, आयुष्यात पहिल्यांदा. थोरलीच्या टेपसारखी सरळ नाही आली.

वरचा रुमाल मी ओळखला, कडेला जांभळी रेघ असलेला. आत नमुना. धाकटीच्या अर्ध्या भागावर रंग. पहिला हिरवा, साय-पांढरा किंवा निळा नव्हे, अगदी तळातला. इतक्या वर्षांनी डोळे मिटून काढल्यासारखा नेमका. थोरलीचा अर्धा भाग तसाच कोरा, आणि त्यावर खडूचे तीन गोल. रुमालाला थोडे पुसले गेलेत, पण तीन आहेत. एकात बारीक अक्षरांत 'विहीर', दोनांत 'बस'.

मी तीन वेळा मोजले आणि मोठ्यानं हसलो. टायरवाला धावत आला, म्हणाला, "काय झालं?" मी म्हटलं, "माझ्या कामात तीन चुका निघाल्यात." त्याला वाटलं मला चढलीय.

मग नमुना उलटा केला. मागच्या बाजूला ब्रशनं, पाटीच्या अक्षरात, शेपटीसकट, दोन शब्द.

'मजकूर कळला.'

टायरवाल्याला जा म्हणून सांगितलं. पंखा लावला आणि बसून राहिलो. रडलो, हे तुला सांगायला हरकत नाही.

नमुन्यावरच्या विहिरीत मागून ठोका दिला, बस रिकाम्या केल्या. खडू दिसतो, म्हणून जमलं. पण दारावरचे गोल तुला स्वतः काढावे लागतील, माझ्या बोटांना ते सापडायचे नाहीत. खडूचे एकोणीस तुकडे डब्यात आहेत. इथून पुढं ठोके माझे, हात तुझा. आणि गन पंख्याशिवाय सुरू होणार नाही, तू विसरलास तरी मी विसरणार नाही.

रविवारी सकाळी गाडी घेऊन तुमच्याकडं येतोय. सगळी राखाडी प्रायमरमध्ये आहे, फक्त कोपराची ती वाटीएवढी जागा सोडून. लोक वळून बघतील, बघू देत. दोन्ही बाजूंनी तुझ्या भिंतीवरच्या चित्रासारखी दिसते, मी अंतरावरून ताडून बघितली. पण एक गोष्ट तुझ्या चित्रात नव्हती आणि खोक्यातही आली नाही. मागची माणसं आत जाणार कुठून? पुढच्या सीटा वाकायला हव्यात. त्यांची बिजागरी मलाच बनवावी लागली, दोन आठवडे खाल्ले. जुन्या सीटा वाकायला तयारच नव्हत्या.

धाकटीला थोरलीच्या बाजूनं चढू दे. ते दार दोघींचं आहे. पुढची सीट तिनं पुढं ढकलायची, मागं जाऊन बसायचं, किंवा मागं नको असेल तर थोरलीच्या जागी बसायचं. तिचं ती ठरवील.

तू नेहमीसारखा माझ्या मागं बसणार आणि ड्रायव्हिंगला नावं ठेवणार, हे मी धरून चालतो. चार दारं होती तेव्हा तू तुझ्या दारानं चढायचास आणि मी स्टिअरिंगवरचा हातही हलवायचो नाही. आता तसं चालत नाही. दोन दारांच्या गाडीत मागच्याला आत घ्यायचं तर पुढच्याला आधी उतरावं लागतं.

दहा वाजता हॉर्न वाजवीन. मी उतरतो, मग तू बस.

तुझा साडू,
डेंटर